नात येणार म्हणून जमा

माझ्या वडिलांकडं परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. बाबा ते उशीखाली ठेवत, भरलेलं. आम्ही सिंगापूरहून सुट्टीला गेलो असताना एका दुपारी मी चादर बदलायला गेले आणि ते माझ्या हाताला लागलं. त्याच पलंगावर, हातभर अंतरावर, माझी चार वर्षांची मुलगी झोपली होती.

आम्ही पोचलो त्या दिवशी बाबांनी मला ते कपाटावर, मागच्या बाजूला ठेवल्याचं दाखवलं होतं. आठवड्याभरानं त्यांनी कुणाला न सांगता ते परत खाली आणलं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ती झोपली होती ना?"

"उठली असती तर?"

"मी होतो की पुढं."

पुढं म्हणजे दवाखान्यात. बाबा डॉक्टर. तालुक्याच्या गावाबाहेर, रस्त्याला लागून आमचा बंगला आहे आणि त्याची पुढची खोली हाच दवाखाना. उरलेले दिवस आम्ही पुण्यात, सासरी काढले.

पुढच्या वर्षी जूनच्या सुट्टीच्या तिकिटांचा विषय निघाला तेव्हा मी फोनवर सांगितलं की त्या वस्तूची जागा ठरल्याशिवाय मी मुलीला घेऊन येणार नाही.

बाबा म्हणाले, "म्हणजे नात बघायची तर घर उघडं टाकू?"

हे त्यांचं बोलणं रागाचं असलं तरी पोकळ नव्हतं. चार वर्षांपूर्वी घरावर दरोडा पडला होता. तिन्हीसांजेला बेल वाजली. फाटकाशी एक माणूस उभा होता, हातात गोधडीत गुंडाळलेलं पोर. पोराला झटके येताहेत म्हणाला. बाबांनी फाटक उघडलं. कुंपणाच्या भिंतीआडून आणखी तिघं आले. पोर खरं होतं, आजारी नव्हतं. त्यांनी बाबांना दवाखान्यातल्या खुर्चीला बांधलं, आईला आतल्या. आईच्या बांगड्या निघेनात तेव्हा साबण लावून काढल्या. चाळीस मिनिटं ते घरात होते. कुणी सापडलं नाही. बाबांनी परवान्यासाठी अर्ज केला. पोलिसांची चौकशी, कागद, फेऱ्या यांत दीड वर्ष गेलं. रिव्हॉल्व्हर आलं तेव्हापासून ते उशीखाली होतं. का, असं विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं असे: "तुझ्या आईला त्याशिवाय झोप लागत नाही."

मार्चमध्ये आईबाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडं सिंगापूरला आले. निघण्याआधी बाबांनी रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं पोलीस ठाण्यात जमा केली. पावती त्यांनी पासपोर्टच्या पाकिटात ठेवली होती आणि आल्याआल्या मला दाखवली.

आम्ही पुंगोलला अकराव्या मजल्यावर राहत होतो. खिडकीखालून दर काही मिनिटांनी एलआरटी या छोट्या रेल्वेचा एकच डबा जायचा आणि बाबा पहिले आठ दिवस त्याच्यात ड्रायव्हर कसा नाही हे पाहत बसले. नवरा तांजोंग पगारच्या एका बँकेत, जोखीम तपासणाऱ्या विभागात होता. मी पूर्वी वर्तमानपत्रात डेस्कवर काम केलेलं, इथं कंपन्यांच्या वार्षिक अहवालांचा मजकूर तपासायचे. मुलगी पावणेपाच वर्षांची झाली होती. ब्लॉकखालच्या बालवाडीतून ती दुपारी घरी यायची आणि आम्ही येईपर्यंत आजीआजोबांकडं असायची.

सिंगापूरमध्ये घरात पिस्तूल ही कल्पनाच नाही. कुणाकडं सापडलं तर शिक्षा काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं त्यावर गप्पाही होत नाहीत. आमच्या घरात त्या दोन महिन्यांत मुख्यतः त्याच गप्पा झाल्या. मुलीनं त्या ऐकल्या. एका सकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या चिनी आजी होत्या. मुलगी त्यांना सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आन्टी, माय आजोबा गॉट रिअल गन, यू नो."

आजी हसून म्हणाल्या, "वॉटर गन आह?"

"नो लाह! रिअल वन!"

बाबांनी दोन्ही बोटं कानांत घालून स्टेथोस्कोपची खूण केली आणि मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टर! आय ॲम डॉक्टर!" त्या आजी त्यानंतर लिफ्टमध्ये भेटल्या की बाबांना आपला गुडघा दाखवत.

नवऱ्यानं ते ऐकलं आणि त्याच शनिवारी हार्डवेअरच्या दुकानातून पोलादी पेटी आणली. हॉटेलच्या खोलीत असते तशी, समोर आकड्यांची बटणं, मागं भिंतीत बोल्ट मारायला भोकं. त्याचं म्हणणं साधं होतं: वस्तू पेटीत, पेटी पलंगाशेजारी भिंतीत, चार आकडे दाबले की दार उघडतं.

बाबांनी पेटीभोवती एक चक्कर मारली. "म्हणजे चोर आला की मी चष्मा शोधायचा, दिवा लावायचा, आकडे दाबायचे. तोवर त्याला काय देऊ, चहा?"

"सवय केली तर चष्मा लागणार नाही, बाबा."

"जावईबापू, तुमच्या बँकेत दरोडा पडला तर तुम्ही आधी फॉर्म भरून घेत असाल."

"तीन प्रतींत," नवरा म्हणाला.

बाबा हसले, आणि तालमीला तयार झाले. रिव्हॉल्व्हरच्या जागी पेटीत टॉर्च ठेवला. बाबांनी पलंगावर चष्मा काढून, डोळे मिटून पडायचं. बेल वाजली की उठून पेटी उघडायची आणि टॉर्च हातात घ्यायचा. नवरा मोबाइलवर वेळ मोजायचा. बेल वाजवायचं काम मुलीनं आपणहून घेतलं. बाहेर जाऊन बेल दाबायची आणि धावत येऊन आजोबांकडं पाहत राहायचं, हा तिचा त्या आठवड्यातला सगळ्यात आवडता खेळ होता. पहिल्या दिवशी बाबांना बावीस सेकंद लागले. तिसऱ्या दिवशी अकरा. पाचव्या दिवशी आठ, आणि ते स्वतःवर खूश झाले.

मीही खूश होते. जूनची तिकिटं कोणत्या तारखेची मिळतील ते मी पाहून ठेवलं.

पुढच्या मंगळवारी मी ऑफिसातून लवकर आले. आई स्वयंपाकघरात होती, बाबा खाली वर्तमानपत्र आणायला गेले होते. मुलगी आजोबांच्या पलंगावर मांडी घालून बसली होती. पेटीचं दार उघडं होतं. टॉर्च तिच्या हातात होता, पेटलेला, आणि त्याचं तोंड तिनं स्वतःच्या चेहऱ्याकडं धरलं होतं. आत दिवा कसा दिसतो ते ती पाहत होती.

मी तिला विचारलं, पेटी कशी उघडली?

"सो ईझी. माय बर्थडे लाह, मम्मी."

बाबांनी पेटीचा नंबर नातीच्या जन्मतारखेचा ठेवला होता. दिवस आणि महिना, चार आकडे. बालवाडीत मुलांकडून नाव, पत्ता, जन्मतारीख रोज म्हणून घेत. त्या वयात तिला पाठ असलेला चार आकड्यांचा तो एकच नंबर होता, आणि आजोबांची बोटं कुठं कुठं जातात हे तिनं आठवडाभर शेजारी उभं राहून पाहिलं होतं.

बाबा वर आले. मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी तिच्या हातातून टॉर्च घेतला, बंद केला आणि बराच वेळ तो हातातच ठेवला.

"आम्हाला सगळ्यांना हेच सुचतं," ते म्हणाले. "बँकेत तेच, कुलपाला तेच. दुसरा नंबर लक्षात कुठं राहतो?"

नवरा संध्याकाळी आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नंबर बदलू."

"नंबरच नको," बाबा म्हणाले.

पेटीबरोबर एक किल्ली आली होती, बॅटरी संपली तर उघडायला. बाबांनी नंबर बंद केला आणि ती किल्ली जानव्याला बांधली. आमच्या आजोबांच्या तिजोरीची किल्ली अशीच असायची. आंघोळीलाही अंगावरून उतरत नसे. पुन्हा तालीम सुरू झाली. बेल मात्र आता नवरा वाजवायचा, मुलीला त्या वेळी आई खालच्या झोपाळ्यांवर न्यायची. किल्ली अंधारातही बोटांना सापडत होती, आकडे आठवावे लागत नव्हते. रविवारी दुपारी बाबांनी सहा सेकंदांत पेटी उघडली.

त्या रविवारी मुलगी शेजारच्या मैत्रिणीकडं वाढदिवसाला गेली होती, म्हणून आई घरात होती. ती टेक्क्याच्या बाजारातून आणलेली मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आता बेल वाजली. तुम्ही काय केलंत?"

"काय म्हणजे? पेटी उघडली. सहा सेकंद."

"आणि दार?"

"दार मग."

"त्या दिवशी माणसाच्या हातात पोर होतं. झटके येताहेत म्हणाला. तुम्ही बॅग उचलून पळालात. पायांत चप्पल नव्हती तुमच्या. उद्या तसंच कुणी आलं तर आधी पेटी उघडाल का फाटक?"

"दोन्ही."

"हात किती आहेत?"

नवऱ्यानं मोबाइल खिशात ठेवला. बाबा म्हणाले, "अगं, तुलाच झोप लागत नाही म्हणून चाललंय ना हे सगळं?"

"मी कधी म्हटलं? मला झोप लागत नाही ती ते उशीखाली असतं म्हणून. कूस बदलली की डोक्याखाली लोखंड." तिनं मेथीच्या काड्या कागदावर एका बाजूला सारल्या. "चाळीस वर्षं बघतेय मी. पेशंटसमोर पिस्तूल घेऊन उभे राहणारे तुम्ही नव्हेच. बेल वाजली की तुमच्या हातात बॅगच येणार."

मग तिनं आमच्या दाराकडं बोट केलं. सिंगापूरच्या सगळ्या सरकारी फ्लॅट्सना असतं तसं आमच्या लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार होतं.

"मी इथं लाकडी दार उघडते, जाळी उघडत नाही. पार्सलवाला येतो, तो गॅसवाला येतो. कोण, काय, सगळं जाळीतून विचारते. भाषा येत नाही तरी विचारते. मला इथं एकदाही धडधडलं नाही."

"इथं चोऱ्या होत नाहीत."

"मग जाळ्या कशाला लावल्यात सगळ्यांनी? हार घालायला?"

बाबा म्हणाले, "जाळीआडून पेशंट तपासू? गाव म्हणेल, डॉक्टर घाबरला."

आईनं मेथी उचलली आणि ती आत गेली. 

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही ईस्ट कोस्टला, समुद्रावर गेलो. नवरा मुलीला सायकल शिकवत होता, आई एका बाकावर बसली होती. बाबा आणि मी पाण्याच्या कडेनं चालत गेलो. समोर मालवाहू जहाजं उभी होती. बाबा म्हणाले, "त्यांनी काही फोडलं नाही. कडी नाही, कुलूप नाही. मी उघडलं. तुझी आई आतून विचारत होती, कोण आहे, कोण आहे. मी उत्तरसुद्धा दिलं नाही."

 थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "ती वस्तू जवळ असली की तेवढं आठवत नाही."

परतताना त्यांनी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊच्या टपऱ्यांवर, उसाचा रस घेतला आणि बर्फ जास्त आहे म्हणून तक्रार केली.

दोन दिवसांनी, जेवणाच्या टेबलावर, बाबांनी आपण केलेला एक प्रयोग सांगितला. दुपारी ते सोफ्यावर डोळे मिटून पडले. झोपले नव्हते. सदऱ्याची वरची बटणं उघडी ठेवली होती. मुलगी आली. आधी तिनं हाक मारली, दोनदा. मग सदऱ्यातून किल्ली बाहेर ओढली. गाठ तिला सुटली नाही. मग ती किल्ली घेऊन पेटीच्या दिशेनं निघाली.

"आजोबांसकट?" नवऱ्यानं विचारलं.

"जानवं जाईल तिथवर. मानेला काच बसला तेव्हा मी 'जागा' झालो."

मुलगी म्हणाली, "आजोबा, यू पीपिंग!"

बाबा हसले नाहीत. "मी झोपतो," ते मला म्हणाले. "माझं वय बघता चांगला गाढ झोपतो. आज गाठ सुटली नाही. पुढच्या वर्षी सुटेल." मग ते नवऱ्याकडं वळले. "माझ्यासाठी सहा सेकंद पुरेत. ती घरात असताना हा हिशेब चालत नाही. त्या दिवसांत वस्तू घरात नको."

"मग त्या दिवसांत बेल वाजली तर?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायला मला आवडलं नाही, पण तो शिल्लक होता. माझी मुलगी त्या घरात असणार होती आणि घर तेच होतं.

बाबांनी खिशातून कागद काढला. त्यांच्या दवाखान्याच्या पॅडचा होता. त्यावर त्यांनी आमच्या जाळीच्या दाराचं चित्र काढलं होतं, मापांसकट. टेप त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातून घेतली होती. आमच्या जाळीत नसलेली एक गोष्ट त्यात होती: छातीच्या उंचीवर एक छोटी खिडकी, आतून कडी असलेली.

"हात बाहेर काढता आला पाहिजे," ते म्हणाले. "नाडी बघायला."

आईनं कागद पाहिला. "दिवा बाहेरच्या बाजूला घ्या," ती म्हणाली. "त्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडू दे, आपल्या नको." बाबांनी पेन घेऊन चित्रात दिवा काढला.

मे महिन्याच्या सुरुवातीला ते परत गेले. पेटी त्यांनी सामानातून नेली. ती नऊ किलोंची होती, त्यामुळं आईनं घेतलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच मागं राहिल्या आणि त्याबद्दल ती विमानतळापर्यंत बोलत होती. गावात एका फॅब्रिकेटरनं तीन आठवड्यांत दवाखान्याच्या दाराबाहेर जाळीचं दार बसवलं. रिव्हॉल्व्हर ठाण्यातून आलं, भिंतीतल्या पेटीत गेलं. मी तिकिटं काढली नव्हती. मी फोनची वाट पाहत होते.

फोन जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. बाबा नुकतेच ठाण्यातून परतले होते.

"फौजदार म्हणाला, डॉक्टरसाहेब, हत्यारं जमा करायला निवडणूक कुठाय आत्ता? म्हटलं, नात येतेय. म्हणाला, किती दिवस? म्हटलं, अठरा. त्यानं रजिस्टर उघडलं, कारणाच्या रकान्याकडं बघत बसला. मग मलाच विचारतो, काय लिहू? म्हटलं, लिहा खरं ते."

"काय लिहिलं?"

"घरगुती."

मी त्यांना पावती वाचून दाखवायला सांगितली. त्यांनी वाचली. मी विचारलं, "काडतुसं किती जमा?"

"दहा."

"घरात होती किती?"

 मागून आईचा आवाज आला, "दहाच होती. मी मोजून दिलीत."

त्या संध्याकाळी नवऱ्यानं तिकिटं काढली.

आम्ही पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, बेल वाजली. बाबा बॅग घेऊन पुढं गेले. मुलगी त्यांच्या मागं धावली. आईनं तिला दवाखान्याच्या उंबऱ्यावर धरलं. जाळीबाहेर एक बाई उभी होती, हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला, शेजारी तिचा दीर. भाजलं होतं. बाबांनी खिडकी उघडली, फडकं बाजूला करून हात पाहिला, कोणत्या वस्तीवरून आलात ते विचारलं. मग मान वाकडी करून भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग कुलूप काढलं. सगळं मिळून मिनिटभर गेलं असेल. बाईनं त्याबद्दल काहीच विचारलं नाही. तिचा जीव हातात अडकला होता.

"आजोबा, व्हाय सो स्लो?" मुलीनं मागून विचारलं.

"सवय नाही अजून," बाबा म्हणाले आणि त्यांनी नळ सोडला.

अठरा दिवसांनी आम्ही निघालो. पुंगोलला पोचल्यावर मी फोन केला तेव्हा आईनं तो घेतला. बाबा घरी नव्हते.

"ठाण्यात गेलेत, परत आणायला," ती म्हणाली. "मी म्हटलं, राहू दे की तिथंच. ऐकतात का? पण आता पेटीत राहील, उशीखाली नाही, तेवढं कबूल केलंय. आणि ऐक, पुढच्या वेळी चार दिवस आधी कळव. सोमवारी तिथं गर्दी असते, ह्यांना तासभर बाकावर बसवतात."